तीन वर्षांची सवलत आणि एका बाईंचा प्रश्न

ताई, नमस्कार.

मी नाशिकला समुपदेशक म्हणून काम करते. घराच्या पुढच्या खोलीतच बसते. गेल्या अकरा वर्षांत लोकांनी मला ईमेलवर जे जे लिहिलं, ते वाचून कधीकधी रात्रभर झोप लागत नाही. नवऱ्याची मारहाण, मुलाचं व्यसन, माहेरीसुद्धा न सांगितलेला गर्भपात. हे सगळं माझ्या साध्या जीमेलच्या खात्यात पडून आहे. मागच्या महिन्यात एका बाईंनी विचारलं, "मॅडम, हे तुमच्याशिवाय दुसरं कोणी वाचत नाही ना?" मी "नाही" म्हणाले खरी, पण खात्रीनं म्हणाले नाही.

मुलाला हे सांगितलं, तर त्यानं एका व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरचा वावर झाकणाऱ्या सेवेची, जाहिरात पाठवली. तीन वर्षांचं एकदम घेतलं तर ८० टक्के सवलत, आणि वर उलटं धावणारं घड्याळ. सोबत गोपनीय ईमेलही विकतच घे, म्हणतो. मला वर्षाला पाच हजारांच्या वर जाता येणार नाही. दोन्ही एकत्र घेऊ का? कूपन कुठे मिळतं? आणि मुलगी दुबईत असते, तेच व्हीपीएन तिला व्हिडिओ कॉलसाठी देता येईल का?

एक वाचक, नाशिक

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सवलत, कूपन, दुबई, सगळ्यावर लिहिते. पण त्या बाईंनी विचारलेलं आधी घेते, कारण काय विकत घ्यायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे त्याच प्रश्नावर ठरतं.

आज तुमचं खातं कोण वाचू शकतं? जाहिराती दाखवण्यासाठी जीमेलमधला मजकूर चाळणं गूगलनं २०१७ साली थांबवल्याचं जाहीर केलं, आणि ते खोटं मानायला माझ्याकडे काही कारण नाही. वाटेतही मेल बहुतेक वेळा कुलूपबंदच जातो. मात्र तो सर्व्हरवर जाऊन पडला की त्या कुलपाची किल्ली गूगलच्या हातात असते. कायदेशीर आदेश आला किंवा तुमचं खातं कोणी फोडलं, तर मजकूर जसाच्या तसा उघडतो. स्वित्झर्लंडची प्रोटॉन किंवा जर्मनीची टुटा यांसारख्या गोपनीय ईमेल सेवेत किल्ली तुमच्या पासवर्डाशी बांधलेली असते आणि कंपनीला ती वापरता येत नाही. साठवलेला मजकूर खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. विकतच्या गोपनीय ईमेलमध्ये तुम्ही पैसे देता ते मुख्यतः याचे.

आता थोडं घरात डोकावू. तुमच्या पुढच्या खोलीतला लॅपटॉप रात्री कोणाच्या हातात असतो? ब्राउझरमध्ये जीमेल कायम उघडं असतं का? मुलगा त्यावर काही छापायला बसतो का? फोन पाहुण्यांच्या पोराला खेळायला दिला जातो का? समुपदेशकांची, वकिलांची, डॉक्टरांची गुपितं फुटल्याची जी उदाहरणं मी जवळून पाहिली, त्यात सर्व्हर फोडणारा कोणी परदेशी चोर एकदाही नव्हता. उघडा राहिलेला लॅपटॉप होता, चिठ्ठीवर लिहिलेला पासवर्ड होता, जुना फोन विकताना तसंच राहून गेलेलं खातं होतं. म्हणून एक रुपयाही खर्च करायच्या आधी कामासाठी वेगळं लॉगिन करा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि लॅपटॉपचा पडदा दोन मिनिटांत आपोआप कुलूपबंद होईल असं बसवा.

आणि याहून महत्त्वाचं, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते असं: तुमच्याकडचं कुलूप कितीही पक्कं असलं, तरी पत्राची दुसरी प्रत तुमच्या क्लायंटकडे असते. तुम्ही नवऱ्याची मारहाण म्हणून लिहिलंत. त्या बाईंचा फोन कोण हाताळतं? पुष्कळ घरांत बायकोच्या फोनचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, आणि ईमेल खातं मुळात त्यानंच उघडून दिलेलं असतं. तुमचा मेल आला की बंद पडद्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयाची ओळ झळकते. तिथे "समुपदेशन केंद्र" आणि "पोलीस तक्रारीबाबत" असं दिसलं, तर स्वित्झर्लंडमधला कोणताही सर्व्हर त्या बाईला वाचवू शकणार नाही.

तेव्हा पहिल्याच भेटीत विचारायला लागा: तुमच्यापर्यंत पोचायला कोणता पत्ता, कोणती वेळ सुरक्षित आहे? पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं साधं नाव ठेवा, व्यवसाय नको. विषयाच्या ओळीत "बुधवारची वेळ" एवढंच लिहा, क्लायंटचं नाव किंवा प्रश्नाचं स्वरूप कधीही नको. प्रोटॉन विषयाची ओळ एंड-टू-एंड कूटबद्ध, म्हणजे कंपनीलाही वाचता येणार नाही अशी, करत नाही, टुटा करते, हा दोघांतला खरा फरक आहे. पण समोरच्याच्या पडद्यावर ती दोन्हीकडून दिसणारच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क लिहून ठेवला आहे. तुमच्या पदवीला तो शब्दशः लागू होतो की नाही ही चर्चा बाजूला ठेवा. मला वाटतं, तुम्ही तो लागू आहे असंच धरून चालावं.

आता व्हीपीएन. तुम्ही ते घेऊ नये असं माझं मत आहे. निदान या कामासाठी तरी नाही.

व्हीपीएन करतं काय? तुमच्या यंत्रापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक झाकलेली नळी टाकतं. त्यामुळे तुम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्याला, म्हणजे नाशिकच्या तुमच्या ब्रॉडबँडवाल्याला, तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते दिसत नाही, आणि त्या साइटला तुमचा खरा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसत नाही. बस. जीमेल उघडताना ब्राउझर आणि गूगल यांच्यात कुलूपबंद जोडणी होते, त्यामुळे मजकूर आधीच झाकलेला असतो. ब्रॉडबँडवाल्याला फार तर "या घरातून जीमेल उघडलं" एवढं कळतं. व्हीपीएन लावल्यावर ते त्याला कळायचं थांबतं आणि व्हीपीएनवाल्याला कळायला लागतं. विश्वास एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, इतकंच. त्या बाईंनी लिहिलेलं पत्र तुमच्या खात्यात जसं होतं तसंच राहतं. फसवी लिंक, ओटीपी मागणारा फोन, "डिजिटल अटके"ची धमकी यांतलं काहीही व्हीपीएन अडवत नाही. उलट काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू असताना उघडतच नाहीत.

रेल्वे स्टेशनवर, हॉटेलात, परदेश प्रवासात त्याचा उपयोग आहे. पत्रकाराला, कार्यकर्त्याला आहे. तुम्ही घरच्या वायफायवर काम करता.

आणि ती ८० टक्के सवलत. ती जाहिरात मी पाहिलेली नाही, तरी तिचा साचा ओळखीचा आहे. टक्केवारी मोजली जाते ती महिन्या-महिन्यानं घेणाऱ्याच्या दरावर, आणि तो दर मुद्दाम चढा ठेवलेला असतो, म्हणजे तुलनेत तीन वर्षांचं स्वस्त दिसावं. घड्याळाचं म्हणाल, तर उद्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडून पाहा. बहुतेक वेळा काटा पुन्हा पहिल्यापासून धावताना दिसेल. खरी गोम खालच्या बारीक अक्षरांत असते: सवलत पहिल्या मुदतीपुरती, नंतरचं नूतनीकरण पूर्ण दरानं आणि आपोआप.

मी स्वतः यात सापडले आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत एका कंपनीची दोन वर्षांची वर्गणी घेतली, सहा हजारांच्या आसपास. प्रवासापुरती वापरली, मग विसरले. दोन वर्षांनी एका सकाळी कार्डावरून नऊ हजारांच्या वर रक्कम गेली, तीही एकाच वर्षासाठी. बँकेचा आदल्या दिवशीचा संदेश इतर पंचवीस संदेशांत बुडून गेला होता. पैसे परत मिळवायला पाच आठवडे मेल लिहावे लागले. तेव्हापासून माझा नियम आहे की व्हीपीएन लागेल त्या महिन्यापुरतं घ्यायचं.

त्याला सोय आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची मुलवाड ही कंपनी महिन्याला ५ युरो घेते, एक महिना घ्या की एक वर्ष, दर तोच. खातं उघडायला नाव नको, ईमेल नको, फक्त १६ आकडी क्रमांक मिळतो. २०२२ मध्ये तिनं आपोआप कापली जाणारी वर्गणीसुद्धा बंद केली, कारण तशा वर्गणीसाठी ग्राहकाची माहिती साठवून ठेवावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन तिच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले, कारण नेण्याजोगी ग्राहकांची माहिती तिथे नव्हतीच. मला अशी कंपनी ८० टक्क्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते. आणि क्वचित लागणार असेल, तर प्रोटॉनचं फुकट व्हीपीएन आहे. त्याला डेटाची मर्यादा नाही, वेग आणि देशांची निवड मात्र कमी.

इतर फुकट व्हीपीएनपासून लांब राहा. होला नावाच्या फुकट सेवेबद्दल २०१५ साली उघड झालं की ती आपल्याच वापरकर्त्यांचं इंटरनेट दुसऱ्या व्यवसायामार्फत विकत होती. फेसबुकनं विकत घेतलेलं ओनाव्हो तर नावाला संरक्षण देत होतं, आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होतं. ॲपलच्या आक्षेपानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून काढावं लागलं. "आजन्म" वर्गणीचा मोहही नको. व्हीपीएनसिक्युअरच्या नव्या मालकांनी २०२५ मध्ये जुन्या ग्राहकांच्या आजन्म वर्गण्या एका फटक्यात रद्द केल्या. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, हे कंपनीच ठरवते.

तुम्ही कूपनबद्दल विचारलंत. शोधायला गेलात की "सर्वोत्तम दहा व्हीपीएन" अशा याद्या समोर येतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना तुमच्या प्रत्येक खरेदीमागे दलाली मिळते. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीनं २०२१ मध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन ९३ कोटी ६० लाख डॉलरना घेतली. सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस तिच्याकडे आधीपासून होत्याच. आणि त्याच वर्षी तिनं व्हीपीएनची परीक्षणं लिहिणाऱ्या साइट्स चालवणारी कंपनीही विकत घेतली. म्हणजे दुकान आणि दुकानांची यादी लिहिणारा, दोघांचा मालक एक. कूपनच्या साइटवर जाऊ नका. सवलत खरी असेल तर ती कंपनीच्या स्वतःच्या पानावर असते, आणि बहुतेकांची मोठी सवलत नोव्हेंबरच्या शेवटी, ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यात लागते. तिथेही नूतनीकरणाचा दर आधी वाचा.

भारतापुरती एक गोष्ट. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं निर्देश काढले की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता आणि त्याला दिलेले आयपी पत्ते यांची नोंद पाच वर्षं ठेवावी. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून टाकले. आता एखाद्या यादीत "भारत" दिसलं, तर तो सर्व्हर बहुधा सिंगापूरसारख्या दुसऱ्याच देशात असतो आणि पत्ता फक्त भारताचा दाखवतो. जी कंपनी भारतात खराखुरा सर्व्हर असल्याचं अभिमानानं सांगते, तिला नोंदीबद्दल आधी विचारा.

मुलीचं उत्तर स्पष्ट देते: तिला व्हीपीएन देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएन बाळगणं हा आपोआप गुन्हा नाही, कंपन्या कामासाठी वापरतात. पण आपला आयपी पत्ता लपवून गुन्हा करणं किंवा तो दडवणं यासाठी तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आणि कैदेची तरतूद आहे. व्हॉट्सॲपचे कॉल तिथे बंद आहेत ते नियमानं बंद आहेत, आणि तो नियम चुकवायला व्हीपीएन लावणं म्हणजे त्या कलमाच्या दाराशी जाऊन उभं राहणं. आजवर कोणाला काही झालं नाही असं तिच्या मैत्रिणी सांगतील. तरीही तिचा व्हिसा, तिची नोकरी पणाला लावण्याइतकं त्या कॉलमध्ये काही नाही. बोटिम, झूम, टीम्स ही तिथे चालणारी साधनं आहेत. तुमच्या फोनवर बोटिम घाला, पाच मिनिटांचं काम.

व्हीपीएनचे पैसे वाचले. आता ईमेल, जिथे पाच हजार लावायला हरकत नाही.

चार सेवा मी ओळखते. प्रोटॉन जिनिव्हाची. सर्न या प्रयोगशाळेत भेटलेल्या मंडळींनी २०१४ मध्ये लोकवर्गणीतून ती उभी केली, आणि २०२४ पासून तिची मुख्य भागधारक एक ना-नफा संस्था आहे. टुटा जर्मनीतल्या हॅनोव्हरची, आधी तिचं नाव टुटानोटा होतं. मेलबॉक्स डॉट ऑर्ग आणि पोस्टिओ या दोन्ही बर्लिनच्या. पोस्टिओ फार स्वस्त, महिन्याला १ युरो. पण तिथे स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं स्वतःचं नाव, लावता येत नाही, आणि तुमच्यासाठी ती मोठी उणीव आहे, का ते पुढे सांगते. मेलबॉक्स चांगली आणि स्वस्त, मात्र साठवणीतलं पक्कं कुलूप तिथे स्वतः बसवून घ्यावं लागतं. तांत्रिक हाताची माणसं ते करतात. तुमचा वेळ तुमच्या क्लायंटसाठी आहे. राहिल्या प्रोटॉन आणि टुटा.

टुटाची साधी योजना वर्षभराची घेतली तर महिन्याला ३ युरो, म्हणजे वर्षाला ३६. प्रोटॉनची मेल प्लस वर्षभरासाठी महिन्याला साधारण ४ डॉलर. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, सहसा दोन ते साडेतीन टक्के, त्या शुल्कावर जीएसटी, आणि परदेशी डिजिटल सेवेवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो तो धरा. तरीही टुटा तुमच्या पाच हजारांत, थोड्या ओढाताणीनं का होईना, बसते. प्रोटॉन मात्र सगळे कर लागले तर थोडी वर जाऊ शकते. ईमेल आणि व्हीपीएन एकत्र देणारी प्रोटॉनची मोठी योजना वर्षाला दहा हजारांच्या वर जाते. सवलतीत ती पहिल्या वर्षी स्वस्त पडेल, दुसऱ्या वर्षी नाही. तुम्हाला नको असलेल्या वस्तूवरची सवलत हा खर्चच असतो.

ईमेलची सवलत मात्र घ्यायला हरकत नाही, एक वर्षापुरती. कारण ईमेल हा पत्ता आहे, तो दर वर्षी बदलत नाही, आणि तुम्ही तो रोज वापरणार आहात. दोन वर्षांची घेऊ नका. त्याचं कारण स्किफ. चांगला गोपनीय ईमेल देणारी कंपनी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या दुसऱ्या कंपनीनं ती विकत घेतली आणि सहा महिन्यांत सेवा बंद झाली. ज्यांचा पत्ता स्किफच्या नावावर होता, त्यांना सगळ्या जगाला नवा पत्ता कळवत बसावं लागलं. भारतात आणखी एक धोका आहे. २९ एप्रिल २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं प्रोटॉन मेल भारतात बंद करण्यासाठी कार्यवाही करा असं केंद्र सरकारला सांगितलं. एका कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांना त्या सेवेवरून घाणेरडे मेल आल्याची तक्रार होती. त्याआधी २०२४ मध्ये चेन्नईच्या शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या गेल्या, तेव्हाही बंदीची चर्चा झाली होती. तक्रार करणाऱ्या बायकांचं दुःख खरं आहे. सबंध सेवा बंद करणं हा त्यावर इलाज आहे असं मला वाटत नाही, पण माझ्या वाटण्यावर तुमचा पत्ता टांगून ठेवू नका.

म्हणून स्वतःचं डोमेन घ्या. डॉट इनचं डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळतं. त्याचं नाव साधं ठेवा, आडनाव चालेल, "मन" आणि "समुपदेशन" नको, कारण पुन्हा तोच बंद पडदा. हे डोमेन टुटाला किंवा प्रोटॉनला जोडलं की पत्ता तुमचा, सेवा भाड्याची. उद्या सेवा बंद पडली, महागली किंवा अडवली गेली, तर तुम्ही भाड्याची खोली बदलता, दारावरची पाटी तीच राहते. इथे मात्र दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून ठेवायला हरकत नाही, कारण डोमेनची मुदत चुकली आणि ते दुसऱ्यानं उचललं, तर तुमच्या क्लायंटची पत्रं त्याच्या हाती जातील. वर्षाचं बजेट थोडं वाढतं आहे याची मला कल्पना आहे. दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली तर प्रोटॉन सोडा आणि टुटा घ्या, पण डोमेन सोडू नका.

घाई मात्र करू नका. प्रोटॉन आणि टुटा या दोन्हींच्या फुकट योजना आहेत. महिनाभर दोन्हीकडे खातं उघडून स्वतःलाच मेल पाठवा, फोनवर मराठी लिहून पाहा, जोडपत्रं उघडून पाहा. टुटा तिच्या स्वतःच्याच ॲपमधून चालते, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडता येत नाही. प्रोटॉन संगणकावरच्या अशा प्रोग्रामला जोडायला विकतची योजना लागते. जे हाताला बसेल ते घ्या.

या सेवांबद्दल एक कडक गोष्ट आहे आणि विक्रीच्या पानावर ती ठळक लिहिलेली नसते. किल्ली तुमच्याकडेच असल्यामुळे, पासवर्ड विसरलात तर प्रोटॉन खातं परत देऊ शकेल, जुनी पत्रं मात्र देऊ शकणार नाही. टुटा तर खातंही परत देऊ शकत नाही. माझी एक वकील मैत्रीण अशी चार वर्षांची पत्रं गमावून बसली. पासवर्ड विसरल्यावर सगळं परत मिळवायला प्रोटॉनचा १२ शब्दांचा आणि टुटाचा ६४ अक्षरांचा संकेत असतो, तो खातं उघडल्याच्या दिवशीच घ्या. तो हातानं कागदावर उतरवा, दोन प्रती करा, एक घरच्या कपाटात दागिन्यांसोबत आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.

पैसे भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करावे लागतील. ते भरून झाले की पुन्हा बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १५ हजारांपर्यंतची आवर्ती वर्गणी ओटीपीशिवाय कापली जाऊ शकते, फक्त २४ तास आधी सूचना येते. उलट कित्येक परदेशी कंपन्यांची वर्गणी आपल्या कार्डावर आपोआप कापलीच जात नाही आणि सेवा गुपचूप मागे पडते. दोन्ही प्रकार वाईट. मुदत संपायच्या एक महिना आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, आणि त्या दिवशी ठरवून, हातानं पैसे भरा.

जुन्या जीमेलचं काय? नवीन खातं झालं म्हणून तिथली अकरा वर्षांची पत्रं नाहीशी होत नाहीत. ज्यांचं काम संपलं आहे त्यांची पत्रं, तुम्हाला नोंद म्हणून ठेवणं भाग नसेल तर, पुसून टाका आणि कचरापेटीही रिकामी करा. बाकीची पासवर्ड लावलेल्या डिस्कवर घ्या. जीमेल बंद करू नका, त्यावर सहा महिने नव्या पत्त्याचं आपोआप जाणारं उत्तर ठेवा. त्यात तुमचा व्यवसाय लिहू नका.

नव्या खात्यावरून जीमेलवाल्या क्लायंटला पाठवलेला मेल तिकडे नेहमीसारखाच, साधा उतरतो. नाजूक मजकूर असेल तर प्रोटॉन आणि टुटा दोन्हींमध्ये पासवर्ड लावून मेल पाठवायची सोय आहे. समोरच्याला फक्त दुवा मिळतो, पासवर्ड टाकल्यावर मजकूर उघडतो. तो पासवर्ड प्रत्यक्ष भेटीत ठरवा. आणि कायद्याच्या बाबतीत कोणाला खोटी हमी देऊ नका. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला होता. पत्रांतला मजकूर दिला नाही, कारण तो तिला वाचताच येत नव्हता. कोण, केव्हा, कुठून, हे कळू शकतं. प्रोटॉनवर विषयाची ओळही कळू शकते. पत्राच्या आत काय लिहिलं, ते नाही.

त्या बाई पुन्हा येतील तेव्हा त्यांना सांगा: "तुम्ही लिहिलेलं माझ्याकडे मी एकटीच उघडू शकते अशी व्यवस्था आता केली आहे. तुमच्या फोनमध्ये त्याची एक प्रत राहते, ती कोणाच्या हाती पडू शकते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तशी भीती असेल तर लिहू नका, इथे येऊन बोला." हे समोर बसून सांगा. मेलवर नको.